बिटोडा, धुके आणि छायाचित्र

दिल्लीच्या नैर्ऋत्येला वसलेल्या द्वारका उपनगराच्या पोटात पोचनपूर, बागडोला यांसारखी जुनी गावे अजून आहेत, आणि तेथून नजफगढकडे व पुढे हरियाणात गेले की बिटोडे दिसू लागतात. बिटोडा म्हणजे गोवऱ्या रचून, पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून शेणमातीने लिंपलेली, झोपडीसारखी रास. ती बहुधा स्त्रियाच रचतात, लिंपण ओले असताना बोटांनी नक्षी उमटवतात आणि पुढे लागेल तशी ती एका बाजूने फोडून चुलीत घालतात.

जी वास्तू संपण्यासाठीच बांधली जाते, तिच्या छायाचित्रात नेमके काय टिकते? सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने अर्थक्रियाकारित्व, म्हणजे काही कार्य घडवण्याचे सामर्थ्य, हे वास्तवाचे लक्षण मानले. त्या कसोटीवर चित्रातला बिटोडा भाकरी भाजू शकत नाही, म्हणून तो बिटोडा नव्हे, निराळे कार्य असलेली निराळीच वस्तू होय. हिवाळ्यातले धुके या निराळेपणात भर घालते, कारण ते मागच्या सदनिकांचे मनोरे आणि विजेच्या तारा पुसून टाकते. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक तर पांढऱ्या धुक्यालाही करडे समजतो, त्यामुळे उजेड मुद्दाम वाढवावा लागतो. अशा चित्राला ‘जसे आहे तसे’ म्हणणे धाडसाचेच.

मराठी घरांना हा प्रश्न अपरिचित नाही. पार्थिव गणपतीची, म्हणजे मातीच्या मूर्तीची, प्राणप्रतिष्ठा होते आणि उत्तरपूजेनंतर तिचे विसर्जन होते. तेथे हाताने घडवलेले विरघळणे हा अवमान नसून विधीचाच भाग असतो. त्या मूर्तीचे छायाचित्र अल्बममध्ये जाते, त्याला कोणी हळदकुंकू वाहत नाही, पण त्याच घरातल्या देवघरात तसबिरीला रोज फूल वाहिले जाते. कागद दोन्हीकडे सारखाच असतो; भेद पडतो तो त्याच्याशी जोडलेल्या आचाराने, आणि येथे धर्मकीर्तीची कसोटी, त्याला कदाचित रुचणार नाही अशा रीतीने, देवघरातही लागू पडते.

या दृष्टीने प्रदर्शनाच्या भिंतीवरचा बिटोडा बहुतेक वेळा केवळ आकृती ठरतो, आणि जिने तो लिंपला तिला चित्राची गरज नसते, कारण नक्षी तिच्या बोटांत असते. ज्या घरांची शेते भूसंपादनात गेली, गोठा रिकामा झाला आणि गोवऱ्या थापणे थांबले, तेथे मात्र तेच चित्र आजीकडून नातीला ती नक्षी समजावून सांगण्याच्या कामी येऊ शकते.