आभाळ कोणाचे?

आभाळ दाटून आले की माणसाचे मनही दाटून येते. मग चित्रकाराने रंगवावे ते काय? समोरचे आभाळ, की स्वतःचे मन?

इंग्लंडचे निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल हे गिरणीमालकाचे पुत्र. तरुणपणी वडिलांच्या पवनचक्कीवर राबताना वारा ओळखण्याची सवय त्यांना जडली, ती पुढे कुंचल्यात उतरली. १८२१ व १८२२ साली लंडनलगतच्या हॅम्पस्टेड येथे त्यांनी ढगांची कितीतरी अभ्यासचित्रे रंगविली. अनेक चित्रांच्या पाठीमागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा नोंदलेली आढळते. ढग कोणासाठी थांबत नाही. आपली लहर बाजूला सारून चित्रकारालाच त्याच्या गतीने चालावे लागते.

हॅम्पस्टेडला हे कुटुंब आले होते ते पत्नी मरिया यांच्या प्रकृतीसाठी. ज्या हवेत पती रंग शोधीत होते, त्याच हवेत क्षयाने ग्रासलेली पत्नी श्वास शोधीत होती. १८२८ साली त्या निवर्तल्या. पुढल्याच वर्षी कॉन्स्टेबल यांनी 'हॅडली कॅसल' हे चित्र प्रदर्शित केले. भग्न बुरूज, वादळी रात्रीनंतरची सकाळ. मूळ रेखाटन १८१४ सालचे. आभाळ मात्र शोकाचे.

मग ही सत्याशी प्रतारणा झाली का? मला तसे वाटत नाही. ज्याने आभाळाला आधी आभाळच राहू दिले, त्यालाच त्याच्यापाशी आपले दुःख बोलण्याचा अधिकार पोहोचतो. माणसांच्या बाबतीत आपण एवढा धीर धरतो का?