‘जेवॉकर’ : एका शिवीचा प्रवास

अमेरिकेतील इंग्रजीत ‘जेवॉकर’ असा एक शब्द आहे. वाहनांची तमा न बाळगता वाटेल तेथून रस्ता ओलांडणारा, हा त्याचा रूढ अर्थ. ‘जे’ हे एका कलकलाट्या पक्ष्याचे नाव. पण विसाव्या शतकाच्या आरंभी तिकडील बोलीत ‘जे’ म्हणजे शहरात येऊन भांबावलेला खेडवळ. आपल्या ‘गावंढळा’चा तो सख्खा भाऊच म्हणावा.

मौज अशी की, ही शिवी प्रथम वाहन हाकणाऱ्यास होती. १९०५ च्या सुमारास कॅन्ससमधील वृत्तपत्रांत ‘जे-ड्रायव्हर’ आढळतो, तो रस्त्याच्या भलत्या बाजूने गाडी नेणारा. पादचाऱ्याच्या कपाळी ती नंतर आली.

तोवर रस्ता सर्वांचाच होता. मुले तेथे खेळत, फेरीवाले माल विकत. मोटारींखाली माणसे मरू लागली तेव्हा लोकांचा रोष चालकावर होता. १९२३ मध्ये सिनसिनाटी येथे चाळीस हजारांहून अधिक नागरिकांनी, मोटारींचा वेग ताशी २५ मैलांवर यंत्रानेच रोखावा, अशी मागणी सह्यांनिशी केली. मोटारधंद्याचे धाबे दणाणले. मतदानात मागणी फेटाळली गेली खरी. पण रस्ता मोटारीचा आणि अपघाताचा दोष चालणाऱ्याचा, हे लोकांच्या गळी उतरविण्याचा उद्योग त्यानंतर नेटाने चालला. त्यात ही शिवी फार उपयोगी पडली. १९२५ मध्ये लॉस एंजेलिसने पादचाऱ्यांना निर्बंध घालणारा कायदा केला, आणि इतर शहरांनी तो कित्ता गिरविला.

धावत्या गाडीपुढे उडी घेणाऱ्याचे समर्थन आम्ही करीत नाही. तो स्वतःबरोबर दुसऱ्यालाही संकटात लोटतो. परंतु हा शब्द बेसावधपणाला नावे ठेवीत नाही, अडाणीपणाला ठेवतो. बेसावध मनुष्य चुकला असे आपण म्हणतो. अडाण्याविषयी, त्याने येथे यावेच कशाला, असे विचारतो. पहिल्यात एका कृतीचा न्याय आहे, दुसऱ्यात मनुष्याचा हक्कच नाकारलेला आहे. संस्कृत साहित्यशास्त्रानेही ‘ग्राम्य’ हा काव्यदोष गणला, तेव्हा या बाबतीत आपण नाक मुरडावे असे नाही. मात्र त्या दोषापायी कोणाला दंड होत नसे!

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून, टक्कर होण्याचा तत्काळ धोका नसेल तर अशा पादचाऱ्यास पोलिसांनी अडवू नये, असा कायदा अमलात आला आहे. धोका होता की नव्हता, हे आता तेथील पोलिसाला आधी पाहावे लागते.