फेर का होइस?

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एका मराठी घरातली ही गोष्ट. नातीची शाळा, कॉलेज सगळं हिंदीतून. घरात मराठी बोलायची, पण छापील पान समोर आलं की अडखळायची. आजीला ते लागायचं. एक दिवस तिने कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ काढलं. “वाच. ही बाई १८६८ सालची. लग्नानंतर नवऱ्यानं अक्षरं शिकवली तिला, आणि केवढं पुस्तक लिहिलं बघ!”

नात शिस्तीची. तिने कोरी वही घेतली. अडलेला शब्द दिसला की थांबायचं, शब्दकोश उघडायचा, अर्थ उतरवायचा. सोवळं, माजघर, बिऱ्हाड. वही भरत चालली, पुस्तक काही पुढे सरकेना. “कुठवर आली गं लक्ष्मी?” असं आजीने विचारलं की ही वही पुढे करायची. अक्षर सुरेख होतं, यात वाद नाही.

शेवटी आजीने दुपारचं मोठ्याने वाचायला घेतलं. कामाला येणारी बाई तिथेच भाजी निवडत बसायची. छत्तीसगढी बोलणारी, लिहिता-वाचता न येणारी. मराठी कानावर पडून पडून जेमतेम कळायची. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्यापायी बाजारातून आलेलं धान्यसुद्धा धुवून घ्यायला लावत, हे ऐकून ती खदखदा हसली. “पानी ल घलो धोवत रिहिस का?” पाणीही धूत होते का! आजीच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

रोज आल्या आल्या तिचा एकच प्रश्न असायचा, “फेर का होइस?” मग पुढे काय झालं?

पुढे व्हायचं ते बहुधा एकच. लक्ष्मीबाईंच्या नवऱ्याचं, टिळकांचं, मन एका जागी रमायचं नाही. नवं गाव, नवं बिऱ्हाड, मांडलेला संसार पुन्हा गुंडाळायचा. मग राजनांदगावची नोकरी आली. नागपूरहून तिकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या पाद्र्याने टिळकांना बायबल दिलं, आणि त्या भेटीची परिणती १८९५ साली त्यांच्या बाप्तिस्म्यात झाली. बाईला मात्र बायबलाचं काही नव्हतं. “राजनांदगांव? मोर मइके!” माहेरचं नाव निघालं म्हणून ती भाजी बाजूला ठेवून सरसावून बसली.

दोन दिवस ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली ती कपाळाला हात लावून. घरमालकाने भाडं वाढवलं होतं. “का करबो आजी, फेर बिऱ्हाड उठाय ला परही.”

नातीने मान वर केली. वहीत तो शब्द होता : ‘बिऱ्हाड – राहण्याची जागा, तात्पुरतं घर’. शब्दकोशाचं चुकलं नव्हतं. पण भांडी पोत्यात भरणं, पोरांची शाळा, नव्या मालकाची मिजास, यातलं काहीच त्या ओळीत नव्हतं.

आजीने तिला चहा दिला, आणि तिच्या मालकाशी बोलायला आपल्या मुलाला धाडायचं कबूल केलं. मग चष्मा शोधू लागली, तेवढ्यात नातीने पुस्तक उचललं.

“आज मी वाचते. कुठे होतो आपण?”

“राजनांदगांव ले जावत हें,” बाईने कप खाली ठेवत सांगितलं.