धनुष्याची दोरी सैल करा



आज आमच्या एका चुकीपासून सुरुवात करतो. गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर चर्चच्या आवारात फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचा चेंडू लागून ग्रोटोची काच फुटली. आम्ही रागाच्या भरात फाटकाला कुलूप लावले आणि फळ्यावर लिहिले, 'खेळ बंद. अभ्यास करा.' आवार शांत झाले आणि आम्हांला बरे वाटले. दोन महिन्यांनी मिस्सानंतर एक माउली भेटली. म्हणाली, "फादर, पोरगा आता घरातच असतो. पण दार बंद आणि हातात मोबाइल. जेवायला हाक मारली तरी अंगावर येतो. आधी ढोपरं फोडून यायचा, पण हसत यायचा."

त्या रात्री आम्हांला सेमिनरीतला तत्त्वज्ञानाचा वर्ग आठवला. संत थॉमस अक्वायनस (1225-1274) ह्यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथात एक जुनी कथा दिली आहे. संत योहान शिष्यांबरोबर खेळत असलेले पाहून काही जणांना ते खटकले. त्यांच्यातल्या एकाकडे धनुष्य होते. योहानांनी त्याला बाण सोडायला सांगितले, मग पुन्हा, मग आणखी एकदा. नंतर विचारले, "असेच सतत करीत राहशील का?" तो म्हणाला, "मग धनुष्य मोडेल." योहान म्हणाले, माणसाच्या मनाचेही तसेच आहे. त्याचा ताण कधीच सैल झाला नाही तर तेही मोडते.

संत थॉमस ह्यांचे म्हणणे साधे आहे. शरीर थकले की त्याला विश्रांती लागते, तसे मन थकले की त्याला आनंद लागतो. मात्र खेळ असभ्य नसावा, त्यात तोल जाऊ नये आणि तो वेळेला व माणसाला शोभणारा असावा, असेही ते बजावतात. पुढे ते म्हणतात की जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्यांच्या आनंदात विरजण घालतो, तोही दोषी आहे. फाटकाला कुलूप लावताना आम्ही हे विसरलो होतो.

प्रभू येशूकडे पाहा. प्रेषित सुवार्ताकार्य करून परतले, तेव्हा माणसांची इतकी वर्दळ होती की त्यांना जेवायलाही सवड नव्हती. प्रभूने त्यांना एकांतात विसाव्यासाठी नेले (मार्क 6:30-32). संत डॉन बॉस्को ह्यांनी 1846 साली तुरिन शहरात गरीब, कष्टकरी मुलांसाठी एक शेड भाड्याने घेतली. तिथे प्रार्थनेला जागा होती, तसे खेळायला अंगणही होते. आजचे विज्ञानही वेगळे सांगत नाही. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान 60 मिनिटे अंग हलेल असे खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले. मनाचे आरोग्य हे त्याचे एक कारण आहे.

हे केवळ मुलांसाठी नाही. पहाटेची लोकल पकडणाऱ्या बांधवांनो, घर आणि नोकरी दोन्ही ओढणाऱ्या भगिनींनो, हातात काम नसताना चार माणसांत बसून तुम्ही शेवटचे कधी हसलात? कुणाची पेटी, कुणाचा तबला माळ्यावर धूळ खात पडला असेल. तो खाली काढा. दारूची बाटली आणि रात्रभराचा मोबाइल ही करमणूक नव्हे. ज्यातून उठल्यावर मन अधिक रिकामे होते, तो विसावा कसला?

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर केवळ खेळ पुरणार नाही. डॉक्टरांकडे जायला लाजू नका. एकटे जाववत नसेल तर आम्ही सोबत येऊ.

ग्रोटोला आता जाळी बसवली आहे. उद्यापासून संध्याकाळी 5 ते 7 फाटक उघडे राहील. सात वाजता आंजेलुसची घंटा झाली की खेळ थांबवून सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची आणि घरी जायचे. पालकांनो, मुलांना पाठवा आणि जमल्यास तुम्हीही या. आम्हीही येणार आहोत. फक्त आमचे वय पाहून आम्हांला गोलमध्ये उभे करा.

प्रभू तुम्हां सर्वांना आनंदी मन देवो!

आपले धर्मगुरू