आवरलेला हात

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या नातवाने मला 'टर्मिनेटर' मालिकेतले पहिले दोन चित्रपट शेजारी बसवून दाखवले. पुढे काय येणार हे त्याला तोंडपाठ होते. त्यामुळे प्रत्येक थरारक प्रसंगाच्या आधी तो पडदा सोडून माझ्याकडेच वळून बघे. आजोबा दचकतात की नाही, ही त्याची खरी करमणूक. मी दचकलो, खोटे कशाला सांगू? शेवटी त्याने परीक्षा घेतली, "सगळ्यांत थरारक प्रसंग कुठला, सांगा." मी दिलेले उत्तर त्याला मुळीच पटले नाही. तो वाद अजून मिटलेला नाही, आणि त्यातून निघालेला प्रश्न मात्र माझ्या मनातून जात नाही.

ज्यांनी हे चित्रपट पाहिले नसतील त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. 'स्कायनेट' नावाचे, माणसानेच लष्करासाठी घडवलेले एक यंत्र जागे होते आणि अणुयुद्ध पेटवून तीनशे कोटी माणसे मारते. उरलेल्या माणसांना जॉन कॉनर नावाचा नेता मिळतो. यंत्राला तो आवरत नाही, तेव्हा ते काळाच्या मागे एक मारेकरी धाडते. पोलादाचा सांगाडा, वरून माणसाचे कातडे. कामगिरी अशी, की जॉन जन्मालाच येऊ नये म्हणून त्याची आई सारा हिला आधीच मारायचे. हा १९८४ सालचा पहिला चित्रपट. १९९१ सालच्या दुसऱ्यात जॉन दहा वर्षांचा आहे. त्याला मारायला वितळत्या धातूचा नवा मारेकरी येतो, आणि रक्षणाला येतो तो पहिल्यासारखाच जुना पोलादी गडी. तो आता माणसांच्या बाजूचा. दोन्ही चित्रपट जेम्स कॅमेरॉन या दिग्दर्शकाचे, आणि पोलादी गड्याचे काम अर्नोल्ड श्वार्झनेगर या नटाचे.

आता नातवाची यादी. पहिला मान त्याने पाण्याच्या कोरड्या कालव्यातल्या पाठलागाला दिला. पोरगा लहानशा मोटारसायकलवर जीव घेऊन पळतो आहे, आणि पुलाचा कठडा फोडून एक अजस्र मालमोटार वरून थेट त्याच्या पाठीवर कोसळते. दुसरा मान इस्पितळातल्या प्रसंगाला. वितळता मारेकरी लोखंडी गजांमधून पाण्यासारखा आरपार जातो, आणि हातातले पिस्तूल मात्र गजांना अडकते. ते तो मनगट वळवून शांतपणे सोडवून घेतो. हा बारकावा मलाही फार आवडला. तिसरा मान, गोठून तुकडे तुकडे झालेला तोच मारेकरी उष्णतेने थेंबाथेंबाने पुन्हा एकत्र येतो, त्या क्षणाला. हे प्रसंग खरोखरच विलक्षण आहेत. संगणकावर चित्रे रचण्याची कला तेव्हा बाल्यावस्थेत होती. तरी त्या कामाला ऑस्कर मिळाले आणि ते योग्यच झाले.

माझे उत्तर वेगळे होते. मी म्हणालो, "ती बाई गोळी झाडत नाही, तो प्रसंग."

माइल्स डायसन नावाचा एक शास्त्रज्ञ आहे. पुढे ज्यातून ते संहारक यंत्र जन्मणार, त्याचे संशोधन तो आज करतो आहे. त्याला यातले काहीही ठाऊक नाही. तो रात्री घरी संगणकापुढे काम करत बसला आहे, आणि बाहेरच्या अंधारात सारा बंदुकीचा नेम धरून बसली आहे. तिने संहार स्वप्नात पाहिला आहे; हा एक माणूस गेला की तीनशे कोटी वाचतील, असा तिचा हिशेब आहे. ती चाप ओढणार, इतक्यात डायसनच्या पोराची खेळण्यातली गाडी त्याच्या पायावर येऊन आदळते. तो खाली वाकतो आणि गोळी हुकते. मग गोळ्यांचा पाऊस. तो जखमी होऊन जमिनीवर पडतो. ती पिस्तूल घेऊन घरात शिरते. पोरगा बापाच्या अंगावर आडवा पडतो, बायको आक्रोश करते. साराचे बोट चापावर आहे, आणि ते बोट पुढे जात नाही. ती भिंतीला टेकून खाली बसते आणि रडते.

नातू म्हणाला, "पण त्यात तर काहीच होत नाही!"

काहीच होत नाही हे खरे. पण माझा श्वास तिथे अडकला. कालव्यातल्या पाठलागात पोरगा वाचणार हे मनातून ठाऊकच असते. नायक तिथेच मेला तर चित्रपट पुढे चालणार कसा? इथे प्रश्न कुणाच्या वाचण्याचा नव्हता. ज्या बाईची बाजू आपण दोन चित्रपट घेत आलो, ती पुढच्या क्षणी कोण होणार, हा होता.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. देवकीच्या लग्नाची वरात आठवा. कंस स्वतः बहिणीचा रथ हाकतो आहे. आकाशवाणी होते, आणि त्याच हाताने तो बहिणीचे केस धरून तलवार उपसतो. देवकीने काय केले होते? काहीच नाही. जे होणार होते त्याची शिक्षा तिला आज मिळत होती. पहिल्या चित्रपटातला मारेकरी हा तसा कंसच. नेमकी सारा कॉनर कोणती हे माहीत नसल्यामुळे तो दूरध्वनीच्या पुस्तकात त्या नावाच्या जेवढ्या बाया सापडतात तेवढ्यांना एकेक करून मारत सुटतो. कंसानेही एकाच्या भीतीपायी इतक्या पोरांचा जीव घेतला. दुसऱ्या चित्रपटातली खरी भयंकर गोष्ट अशी, की काल जिची शिकार होत होती ती सारा आज डायसनच्या खिडकीबाहेर कंसाच्या जागी उभी आहे. तिची आकाशवाणी खरी आहे, एवढाच फरक. पण कंसाचीही खरीच होती.

दुसरी आठवण महाभारताच्या शेवटाकडची. अश्वत्थाम्याने ब्रह्मशिर अस्त्र सोडले आणि अर्जुनानेही सोडले. व्यास-नारद मध्ये उभे राहिले. अर्जुनाने आपले अस्त्र परत घेतले. अश्वत्थाम्याला ते घेता आले नाही. त्याने ते उत्तरेच्या गर्भावर वळवले. अस्त्र सोडणे दोघांनाही येत होते, परत घेणे एकालाच. न जन्मलेल्या पोरावर नेम धरणारे स्कायनेट अश्वत्थाम्याच्या जातीचे आहे. आणि साराने त्या रात्री सुटलेले अस्त्र परत घेतले.

ही केवळ पडद्यावरची आणि पुराणातली बात नव्हे. पहिला चित्रपट येण्याच्या तेरा महिने आधी, २६ सप्टेंबर १९८३ च्या मध्यरात्री, मॉस्कोच्या दक्षिणेला एका तळघरात स्तानिस्लाव पेत्रोव हा सोव्हिएत अधिकारी पहाऱ्यावर होता. उपग्रहांच्या यंत्रणेने अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटल्याचा इशारा दिला. मग आणखी, असे एकूण पाच. कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत सैन्याने पाडून २६९ माणसे मेली त्याला महिनाही झाला नव्हता. दोन्ही देशांत भीती शिगेला पोहोचली होती. इशारा जसाच्या तसा वर कळवायचा की नाही, हे पेत्रोवने ठरवायचे होते. त्याने विचार केला : खरा हल्ला असता तर तो पाचच क्षेपणास्त्रांनी कसा सुरू होईल? त्याने यंत्र चुकते आहे असे कळवले. ढगांवरून परतलेल्या सूर्यप्रकाशाला यंत्रणा फसली होती, हे मागाहून उघड झाले. त्या रात्रीही 'काहीच झाले नाही'.

इथे जाणता वाचक मला अडवील. तो म्हणेल, पेत्रोवपुढचा इशारा खोटा होता; सारेपुढचा खरा. आणि हात आवरणे हाच धर्म असेल, तर श्रीकृष्णाने अर्जुनाला गांडीव पुन्हा का उचलायला लावले? रणांगणावर अर्जुनाच्याही अंगावर काटा उभा राहिला होता, त्याचेही धनुष्य हातातून गळले होते. त्याचे थांबणे देवाला मान्य झाले नाही.

आक्षेप खरा आहे, आणि मला तो पुष्कळ दिवस छळत होता. पण युद्धापूर्वी काय काय घडले ते आठवावे. द्यूत झाले, वस्त्रहरण झाले, वनवास झाला. अपराध घडून गेले होते. आणि तरीही श्रीकृष्ण आधी शिष्टाईला गेला. पाच गावे मागून पाहिली. दुर्योधनाला सारे सांगितले होते आणि त्याने ते सारे नाकारले होते. डायसनला कुणी काय सांगितले होते? त्याच्याकडे शिष्टाई झालीच नव्हती. झाली ती एकदम गोळी. सारेचा दोष ती कठोर होती हा नव्हे. तिने माणसाला बदलण्याची संधी देण्याआधीच त्याचा निकाल लावला, हा होता. तिचे बोट थांबल्यावर मग जॉन आणि तो पोलादी गडी येतात. गडी आपल्या हाताचे कातडे सोलून आतला धातू दाखवतो. डायसन सारे ऐकतो, हादरतो, आणि स्वतःच्या हाताने स्वतःचे आयुष्यभराचे काम नष्ट करायला निघतो. त्यात त्याचा प्राण जातो. म्हणजे ज्याला मारायला ती आली होती, तोच माणूस तिचा सर्वांत मोठा साथीदार ठरतो. मेलेल्या डायसनला ही संधी कुठून मिळती?

त्या पोलादी गड्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. जॉन त्याला कुणालाही मारायचे नाही अशी शपथ घालतो. गडी विचारतो, का? पोराला कारण सांगता येत नाही; मारायचे नाही म्हणजे नाही, एवढेच तो म्हणतो. पुढे गडी एका पहारेकऱ्याच्या गुडघ्यांवर गोळ्या घालतो आणि तो जगेल असे सांगतो. प्रेक्षक हसतात. हे यंत्राचे आवरणे, हुकमापुरते. पण शेवटी पोलादाच्या कारखान्यात, आपल्या डोक्यातली चकती उरली तर संहार पुन्हा उगवेल हे ओळखून तो वितळलेल्या लोखंडात उतरायचे ठरवतो. जॉन रडतो, जाऊ नकोस असा हुकूम सोडतो. गडी तो हुकूम मोडतो. सबंध चित्रपटात त्याने स्वतःहून ठरवलेली मोठी गोष्ट हीच, आणि ती दुसऱ्यांना वाचवण्याची.

नातवाचा शेवटचा आक्षेप मात्र बिनतोड होता. तो म्हणाला, "पण आजोबा, २००३ च्या चित्रपटात जग शेवटी बुडतंच की. आणि २०१९ च्या चित्रपटात स्कायनेट नाही, तर दुसरंच यंत्र उठतं. मग तिनं थांबून काय मिळवलं?"

मी म्हणालो, "मारून तरी काय मिळालं असतं? डायसनच्या जागी दुसरा बसला असता. आणि जग ज्या रात्री वाचलं नाही, त्या रात्री एक पोरगा बापाचा झाला, हे तर खरं ना?"

तो काही बोलला नाही. पटले नसावे. या दिवाळीत फराळाचे ताट पुढे घेऊन आम्ही दुसरा चित्रपट पुन्हा लावला. कालव्यातल्या पाठलागाला तो नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघून हसला. डायसनच्या घरचा प्रसंग आला, ती खेळण्यातली गाडी जमिनीवरून निघाली, आणि मी दचकतो का हे बघायला तो वळेल म्हणून मीच त्याच्याकडे पाहिले. तो वळला नव्हता. हातातली चकली तशीच राहिली होती.