हप्ता कोणाचा?

सज्जनहो, कीर्तनकाराने नेहमी दुसऱ्याच्या दोषांवर बोलावे, अशी रीतच पडून गेली आहे. आज स्वतःच्या खात्यावरच्या २००० रुपयांवर बोलतो.

केंद्र सरकारची किसान सन्मान निधी योजना तुम्हांला ठाऊकच आहे. १ डिसेंबर २०१८ पासून ती लागू झाली. शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६००० रुपये, २००० चे तीन हप्ते, थेट बँकेत. आरंभी २ हेक्टरांची मर्यादा होती, ती २०१९ सालीच उठली. २०२३ साली राज्य सरकारने तेवढीच भर घालणारी आपली योजना जाहीर केली. प्राप्तिकर भरणारे, डॉक्टर, वकील अशांना केंद्राचा हप्ता नाही. तरी अपात्रांपैकी काहींनी तो घेतला आणि सरकारला वसुली काढावी लागली. त्यांचा दोष उघड आहे. तो दाखवायला शास्त्र लागत नाही.

माझे प्रकरण निराळे. वडिलार्जित दीड एकर जमीन, सातबारा माझ्या नावे. प्राप्तिकर नाही, पेन्शन नाही. म्हणजे नियमाने मी अगदी पात्र! पण गेली वीस वर्षे मी औताला हात लावलेला नाही. गावचा एक वाटेकरी निम्म्या वाट्याने ती जमीन कसतो. बी-खताचा निम्मा खर्च त्याचा, राबणे सगळे त्याचे, आणि पावसाने दगा दिला तर निम्मे बुडणेही त्याचे. हप्ता मात्र माझ्या खात्यात. योजना सातबारा पाहते, हाताचे घट्टे पाहत नाही.

मग कागदावर त्याचे नाव का नाही? तेही लपवीत नाही. १९४८ चा मुंबई कुळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणाऱ्या कुळाने जमीन विकत घेतली असे कायद्याने मानले. ती धास्ती जमीनवाल्यांच्या मनातून अजून गेलेली नाही. म्हणून वाटा तोंडीच ठरतो. भीती आमची, तोटा त्याचा.

आता पूर्वपक्ष ऐका. पाठशाळेत मीमांसा शिकलो, तेव्हा घोकले होते की यज्ञात आहुती ऋत्विज टाकतो, पण फळ यजमानाला. कारण ऋत्विज दक्षिणा घेऊन मोकळा होतो. मी मनाची हीच समजूत घालीत असे : मी यजमान, तो ऋत्विज. पण त्याच शास्त्रात सत्र नावाचा याग आहे. तिथे दक्षिणा नाही; जे ऋत्विज तेच यजमान, म्हणून फळ सर्वांचे. रोज घेऊन घरी जाणारा मजूर ऋत्विज खरा. पण जो निम्मा खर्च घालतो आणि निम्मा बुडतो, तो ऋत्विज कसा? वाट्याची शेती हे सत्रच आहे. शिवाय केंद्राचा हा पैसा बी-खतासारख्या खर्चाला हातभार म्हणून आहे. तो खर्च तर आम्ही दोघे करतो!

हे उमगल्यावर मी एका हप्त्याचे निम्मे पैसे त्याच्यापुढे धरले. तो म्हणाला, “नगं बुवा. फुडच्या बारीला तुमी दिलं न्हाई, तर मी कंच्या तोंडानं मागू?”

मी निरुत्तर झालो. मी दान करायला निघालो होतो, आणि दान मागता येत नाही. वाटा मागता येतो. त्या रात्री आमची शेतीची वही काढली. ज्या पानावर खताचा खर्च मांडतो, त्याच पानावर हप्त्याची रक्कम जमेस धरली आणि पिकासारखी निम्मी केली. सकाळी वही त्याच्या मुलाने वाचून दाखवली, तेव्हा त्याने पैसे घेतले.

पात्र कोण, हे सरकार ठरवील. पण खात्यात आलेल्यातले आपले किती, हे ज्याचे त्यानेच पाहायचे. ज्यांची जमीन वाट्याने आहे, त्यांनी वारीला निघण्यापूर्वी एकदा वही उघडावी, एवढीच विनंती.