धुमसणे

आमच्या रेणापूरहून लातूर ओलांडून पश्चिमेकडे गेले, की तेरणेच्या काठी तेर लागते. गोरोबाकाकांचे तेर म्हणून वारकऱ्यांना ते ठाऊक आहे. पण एके काळी ते ग्रीकांनाही ठाऊक होते, असे वर्गात सांगितले की मुले माझ्याकडे जराशा संशयानेच पाहतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा अनामिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत एक टिपण लिहून ठेवले. 'पेरिप्लस' या नावाने ते ओळखले जाते. त्यात पैठणच्या जोडीला 'तगर' असे नाव येते. तिथला माल गाड्यांत घालून भडोचच्या बंदराला जात असे. ते तगर म्हणजेच आपले तेर.

एका वर्षी मी मुलांची सहल तेरला नेली होती. वस्तुसंग्रहालय पाहून बाहेर पडताना एका मुलाने विचारले, "गुरुजी, ते ग्रीक लोक बोलायचे कसे?" मला उत्तर देता आले नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तराला ते यावे अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. पण प्रश्न मनातून जाईना. म्हणून चाळिशीत पुन्हा पाटीवर अक्षरे गिरवायला बसलो, आणि एका हाताशी होमरच्या 'इलियड'चे इंग्रजी भाषांतर व दुसऱ्या हाताशी कोश ठेवून एकेक शब्द वेचू लागलो. मला ग्रीक येते असे मी म्हणणार नाही. बाजाराच्या दिवशी परगावच्या माणसाला जेवढी वाट कळते, तेवढीच मला कळते.

त्या वाटेवर दोन जातींचे शब्द भेटतात. काही पाहुणे म्हणून आपल्याकडे आले आणि घरचेच होऊन राहिले. आपले 'केंद्र' आणि 'दाम' हे मूळचे ग्रीकांकडचे. दुसरे शब्द पाहुणे नव्हेत. ती भावंडे आहेत. एका आईची लेकरे फार पूर्वी पांगली, एक तिकडे वाढले, एक इकडे, आणि आता समोरासमोर आली तरी एकमेकांना ओळखीत नाहीत, तसे ते शब्द. होमरच्या वीरांच्या छातीत एक 'थूमोस' असतो. राग, धैर्य, ऊर्मी, हे सारे त्यातून उसळते. संस्कृतातला 'ध' ग्रीकात पुष्कळदा 'थ' होऊन बसतो. हे ध्यानात आले, की थूमोस म्हणजे आपल्या 'धूम' शब्दाचा सख्खा भाऊ, हे कळते. धूर आणि धुमसणे ही त्याच धूमाची लेकरे. मनात राग धुमसतो असे आपण म्हणतो, तेव्हा फार पूर्वीच्या त्या घराच्या उंबऱ्यावरच आपण उभे असतो.

आणि 'इलियड' हे काव्य आहे रागाचेच. त्याचा पहिला शब्दच 'राग' हा आहे. पुष्कळांना वाटते, की त्यात लाकडी घोडा असेल, ट्रॉय पडल्याची कथा असेल. २४ सर्ग आणि १५ हजारांहून अधिक ओळी वाचल्या तरी घोडा येत नाही आणि ट्रॉयही पडत नाही. एका माणसाचा राग कसा पेटला आणि कसा निवला, एवढीच ती गोष्ट. सेनापती आगामेम्नॉनने अकिलीसच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस ही स्त्री हिसकावून घेतली. अकिलीसचे म्हणणे असे, की माझी 'तिमे' गेली. या शब्दाचे दोन अर्थ कोशात आहेत. एक मान, दुसरा किंमत. आपणही म्हणतोच ना, "त्याने माझी किंमत ठेवली नाही"? खुद्द ब्रिसेइसला काय वाटते, हे मात्र त्या दोघांपैकी कुणी विचारीत नाही.

इथवर आल्यावर मी पुस्तक मिटले होते. वाचकहो, कारण सांगायला संकोच वाटतो, पण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. वडिलांच्या माघारी माझे आणि थोरल्या भावाचे बांधावरून फाटले. बांध दोन हात सरकला असे मी म्हणतो; सरकला नाही असे दादा म्हणतो. दोन हात जमिनीत किती सोयाबीन पिकणार? भांडण पिकाचे नव्हतेच. माझी किंमत ठेवली नाही, हे खरे दुखणे. चार दिवाळ्या झाल्या, आम्ही एकमेकांच्या घरचे पाणी प्यालो नाही. आणि त्यापायी आमच्या बायकांचे काय झाले, हे आम्हीही विचारले नाही.

अकिलीस म्हणतो, की राग हा टपकणाऱ्या मधाहून गोड असतो आणि माणसाच्या छातीत धुरासारखा पसरतो. तिथे धुराला होमरने निराळा शब्द योजला आहे, पण चित्र तेच. ती गोडी मी चाखली आहे. आपण अन्याय सोसतो आहोत, या विचाराइतका गोड विचार दुसरा नाही.

मग हा राग जातो कशाने? आगामेम्नॉनला चूक कळते. भरपाई म्हणून तो सात तिवया, दहा माप सोने, वीस कढया, बारा घोडे, सात नगरे आणि ब्रिसेइसही परत द्यायला निघतो. चांगली वजनदार माणसे मध्यस्थ म्हणून पाठवतो. अकिलीस नकार देतो. लोक याला हट्ट म्हणतात. मला एकच गोष्ट दिसली : सारे आले, आगामेम्नॉन तेवढा आला नाही. किंमत दुसऱ्याच्या हाती धाडता येते. मान स्वतःच जाऊन द्यावा लागतो. आमच्याकडेही मामा येऊन गेले, गावचे चार जाणते येऊन गेले. दादा आला नाही. आणि मीही गेलो नाही.

शेवटच्या सर्गात मात्र एक जण जातो. अकिलीसने ज्याचा मुलगा हेक्टर मारला, तो म्हातारा राजा प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत येतो. खंडणीची गाडी त्याच्याकडेही आहे. पण तो स्वतः येतो. ज्या हातांनी आपली मुले मारली, त्या हातांचे चुंबन घेतो आणि म्हणतो, तुझ्या बापाची आठवण कर. अकिलीसला त्याच्यात स्वतःचा दूरदेशीचा म्हातारा बाप दिसतो. दोघे रडतात. मग अकिलीस त्याला जेवायला बसवतो.

पण हा न्याय झाला काय? ज्याचे गेले, त्यानेच गप्प बसावे, असे तर यातून निघत नाही ना? हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळीत होता. पुन्हा वाचताना उत्तर सापडले. त्या जेवणाने युद्ध संपत नाही. प्रायम अंत्यविधीसाठी अकरा दिवस मागून घेतो आणि बाराव्या दिवशी लागलेच तर लढू म्हणतो. अकिलीसही देव झालेला नाही. मला फार डिवचू नकोस, माझा राग पुन्हा उसळेल, असे तो म्हाताऱ्याला बजावतो. होमरने खोटे काही लिहिले नाही. हक्क सोडणे वेगळे आणि राग सोडणे वेगळे. आपण दोन्हींची एकच मोट बांधतो आणि म्हणून कुठलेच सोडू शकत नाही. हक्काचा निवाडा मोजणी करील. राग कुठल्या कचेरीत निवत नाही.

गेल्या पावसाळ्यात बसथांब्यावर दादा पाठमोरा उभा होता. पिशवी काखेत धरण्याची ती तऱ्हा पाहून मी क्षणभर थबकलो. वडीलच उभे आहेत असे वाटले. मी पुढे झालो नाही. त्याची गाडी आली, तो गेला.

हा अंक आपल्या हाती पडेल, तेव्हा आमची मोजणी झालेली नसेल. अर्ज मी मागे घेणार नाही. पण पाडव्याला सकाळी फराळाचा डबा घेऊन, मध्ये कुणालाही न घालता, मी दादाच्या दारी जाणार आहे. तो "बस" म्हणेल की नाही, हे मला सांगता येत नाही. प्रायमलाही ते ठाऊक नव्हते.